धुतलेल्या म्होरक्या आणि सोललेली नाकं

प्रकरण एका लहान पागेचं आहे. वीसेक घोडे, त्यांतले बरेच नवशिक्यांना शिकवण्यासाठी, काही बाहेरच्या मालकांचे. सगळ्यांना दोरीच्या म्होरक्या, म्हणजे स्वार ज्यांना रोप हॉल्टर म्हणतात त्या, आणि हूक लावलेली जाड लीड, म्हणजे घोडा धरून न्यायची आणि बांधायची दोरी. म्होरक्या घोड्यांपेक्षा कमी होत्या, त्यामुळे हाताला येईल ती घालायची अशी पद्धत पडली होती. ओलाव्याचे महिने संपले तेव्हा सगळा संच काळवंडलेला, ताठ आणि कुबट झाला होता. व्यवस्थापकांनी एके दिवशी तो गोळा केला आणि वॉशिंग मशीनमध्ये टाकला. पाणी कडक गरम, साबणचुरा दुप्पट, वर ब्लीच, शेवटच्या पाण्यात फॅब्रिक सॉफ्टनर. बाहेर आल्या त्या म्होरक्या मऊ, उजळ आणि सुवासिक होत्या.

पुढच्या काही आठवड्यांत तीन गोष्टी घडल्या. बऱ्याच घोड्यांच्या नाकाच्या हाडावरचे आणि कानांमागचे केस जाऊन त्वचा लाल दिसू लागली. एका घोडीच्या गालावर आणि खांद्यावर गोल, खपल्यांचे चट्टे उठले. आणि बांधलेल्या एका घोड्याने बिचकून मागे ओढ घेतली, तेव्हा लीड हुकापाशी तुटली. घोडा वाचला, पण अंगणभर धावला.

पागेत निदान ठरलंही होतं: दोरीच्या म्होरक्या घोड्यांना सोसत नाहीत, सगळ्या बदला. मला बोलावलं ते नव्या म्होरक्यांची मापं घ्यायला. म्होरक्या बांधणं हेच माझं काम, तेव्हा मान डोलावण्यात माझा फायदा होता. पण तिन्ही तक्रारी एकाच वेळी आल्या म्हणून त्यांचं कारण एक, हे मला पटेना.

सुरुवात घोड्यांपासून केली. दोरीने पडलेली खूण दोरीच्या रेषेत असते: नाकावर आडवी, कानांमागे पट्ट्यासारखी, दोन्ही बाजूंना साधारण सारखी. बहुतेक घोड्यांवर तशीच होती. घोडीचे चट्टे मात्र दोरी जिथे कधी टेकतच नाही तिथेही होते. म्हणजे ती वेगळी गोष्ट. तिला हात न लावता पशुवैद्यांना बोलवा, तोवर तिची म्होरकी, खरारा आणि ब्रश कुणालाही वापरू देऊ नका, एवढं सांगून मी दोऱ्यांकडे वळलो.

एका बादलीत स्वच्छ पाणी घेतलं आणि धुतलेली एक म्होरकी बुडवून गाठी दाबल्या. पाण्यावर फेस आला. व्यवस्थापक म्हणाले, "घामाचा फेस असतो तो." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्यामुळे घाम केसांतून पसरतो आणि चोळला की साबणासारखा फेसाळतो. लगामाखाली आणि मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसतो तो हाच. म्हणून खुंटीवरची एक जादा म्होरकी मागवली. ती धुतल्यापासून कुठल्याच घोड्याच्या तोंडावर चढली नव्हती. तिच्या गाठी दाबल्या तर फेस उलट जास्तच. पिळलेल्या पाण्यात लिटमसचा तांबडा कागद टाकला, तो निळा झाला. साबणचुरा अल्कधर्मी असतो, घोड्याचा घाम एवढ्या पाण्यात तसा रंग दाखवणार नाही. ही साबणाचीच उरलेली मात्रा होती.

ती तिथे राहिली कशी, हे समजायला म्होरकीची रचना बघावी लागते. कापडाला पाणी आरपार जातं. दोरीला बाहेर विणलेलं आवरण आणि आत गाभा असतो, आणि म्होरकीवर तीच दोरी ठिकठिकाणी स्वतःभोवती आवळून गाठ मारलेली असते. नाकपट्टीवर दुहेरी गाठी, जबड्याखाली फियाडोर नावाची मोठी गाठ. मशीनच्या फेऱ्यात गाठीच्या पोटात साबणाचं पाणी शिरतं, पण खंगाळण्याच्या दोन पाण्यांत ते तेवढंच बाहेर येत नाही. मग घोडा घामाघूम झाला की ते पुन्हा विरघळतं आणि नेमकं गाठीखालच्या त्वचेवर उतरतं. नाकपट्टीच्या गाठी ज्या जागी दाबतात तिथे केस आखूड आणि त्वचा हाडावर ताणलेली असते. साबण, ओल, घासणं ही तिन्ही तिथे एकत्र येतात.

एवढ्याने कानांमागच्या खुणांचा उलगडा होत होता, नाकाच्या खुणांचा पूर्ण नाही. त्या जिथे असायला हव्यात त्याहून वर होत्या. नाकपट्टी गालाच्या हाडाचा कंगोरा संपतो तिथून दोनेक बोटं खाली बसली पाहिजे. फार खाली गेली तर नाकाचं हाड निमुळतं होऊन संपतं, आधार उरत नाही. फार वर गेली तर दोरी थेट कंगोऱ्यावर घासते. इथे काही घोड्यांना ती कंगोऱ्यावरच घासत होती. म्होरक्या माझ्या मापाच्या दोरीशी लावून बघितल्या तर काहींच्या गालपट्ट्या आखूड निघाल्या, काहींच्या नाही. एकाच मशीनमध्ये एकाच वेळी धुतलेल्या, तरी हा फरक. म्हणजे दोऱ्या एका जातीच्या नव्हत्या.

दोरी कशाची आहे हे दुकानातून आणताना कुणी लिहून ठेवत नाही, आणि पुढची सगळी निवड तर त्यावरच ठरते. सुदैवाने ओळखायला बादलीच पुरते. दोरीच्या शेपटाकडून, म्हणजे मोकळ्या टोकाकडून, थोडे धागे सोडवायचे, बोटांत साबणाच्या थेंबाने चोळून त्यांतली हवा काढायची आणि पाण्यात सोडायचे. पॉलिप्रोपिलीन तरंगतं, कारण त्याची घनता 0.91 च्या आसपास आहे. नायलॉन (1.14) आणि पॉलिएस्टर (1.38) दोन्ही बुडतात. मग पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं. 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ जातं आणि द्रावणाची घनता 1.2 च्या जवळ पोचते. त्यात नायलॉन वर येतं, पॉलिएस्टर तळाशी राहतं. सूत ओळखायला एवढं काही लागत नाही. धागा जाळला की कागदासारखा जळतो, राख होते, गोळी बनत नाही. बाकी तिन्ही वितळून गोळी होतात. पाण्याची चाचणी म्होरकीच्या सबंध दोरीवर करू नये, विणीत अडकलेली हवा भलतंच सांगते.

इथे तळाशी राहिल्या त्या नव्या म्होरक्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या. मिठाच्या पाण्यात वर आल्या त्या जुन्या म्होरक्या आणि बहुतेक सगळ्या लीड, म्हणजे नायलॉनच्या. एक लीड सुताची होती. ती आखडून काठीसारखी झाली होती आणि तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके होते. तिच्यावर कुणी वाद घातला नाही, ती तिथेच बाजूला गेली.

नायलॉन कडक पाण्यात आकसतं, पॉलिएस्टर बरंच कमी. गालपट्ट्यांचा उलगडा झाला. पण नायलॉनबद्दल जास्त महत्त्वाची गोष्ट ब्लीचची होती. क्लोरीनचं ब्लीच नायलॉनच्या रेणूंची साखळी तोडतं. पॉलिएस्टर सौम्य ब्लीच थोडा वेळ सोसतं, त्याचं वैर गरम आणि तीव्र अल्कलीशी आहे. नायलॉनला आम्ल आणि ब्लीच, दोन्ही वर्ज्य. आणि ब्लीचने झालेली हानी डोळ्यांना दिसत नाही. दोरी उलट पांढरीशुभ्र, नवी वाटते.

तुटलेली लीड मी उभी चिरली. तुटल्याची जागा हुकाच्या कडीपाशी, जिथे दोरी सतत एकाच वळणावर घासते. आवरण बाहेरून स्वच्छ होतं, गाभा मात्र करडा. बोटांनी चोळल्यावर बारीक वाळू हाताला लागली आणि तुटलेल्या तंतूंचा भुसा पडला. मैदानावरची धूळ म्हणजे सिलिकाचे धारदार कण. घामातल्या मिठाबरोबर आणि त्वचेच्या तेलाबरोबर ते दोरीत शिरतात, आणि दोरी ताणली गेली की आतून करवतीसारखे चालतात. मशीनने आवरण धुतलं होतं, गाभा नाही. वर्षानुवर्षांची वाळू, वरून ब्लीच, आणि त्या सकाळी पावसात भिजलेली दोरी: नायलॉन ओलं असताना दहा-पंधरा टक्के ताकद तसंही गमावतं.

यावर व्यवस्थापकांचं म्हणणं असं की बाकीच्या लीड तर ठणठणीत आहेत, तुटली ती एकच. मी हाताने ताणून दाखवल्या असत्या तर त्या टिकल्याही असत्या. पण माणसाचा ओढा आणि पाचशे किलोच्या घोड्याने घाबरून मागे फेकलेलं वजन यांची तुलनाच नाही. ज्या दोषाची खूण दिसत नाही तो तपासूनही सापडत नाही, तेव्हा ब्लीच लागलेलं सगळं नायलॉन बाद, हा माझा निर्णय होता, आणि तो ऐकताना त्यांचा चेहरा पडला. त्या लीड आणि म्होरक्या हातभर लांबीचे तुकडे करूनच फेकायला लावल्या. सबंध लीड कचऱ्यात टाकली की कुणीतरी ती "अजून चांगली आहे" म्हणून उचलून पुन्हा खुंटीवर लावतो, हे प्रत्येक पागेत होतं.

पॉलिएस्टरच्या म्होरक्या ठेवायच्या होत्या, म्हणून त्या नीट धुवायला घेतल्या. मोतद्दारांनी हे काम माझ्याबरोबर केलं आणि त्यांच्या हातात ते माझ्यापेक्षा चांगलं बसलं.

आधी कोरडं झटकणं आणि ताठ ब्रश, कारण चिखल ओला केला की आत जातो. मग नुसत्या गार पाण्यात भिजवणं, साबणाशिवाय. घामातलं मीठ आणि निम्मी धूळ एवढ्यानेच सुटते. पाणी तपकिरी झालं की बदलायचं, पुन्हा भिजवायचं. गाठी याच वेळी सैल करायच्या: दोरी गाठीच्या दोन्ही बाजूंनी आत ढकलली की गाठ पोटातून फुगते आणि पाण्याला वाट मिळते. गाठ सोडायची नाही. नाकपट्टीची गाठ एकदा सुटली की ती जुन्या जागी बांधणं सवयीशिवाय जमत नाही, आणि बोटभर सरकली तरी म्होरकी बिघडते. त्यानंतर कोमट पाणी, तीसेक अंश, त्यात सौम्य द्रव साबण. किती, तर हाताला जेमतेम बुळबुळीत लागेल इतका. गाठींवर दात घासायचा मऊ ब्रश.

खरं काम त्यानंतरचं, खंगाळण्याचं. त्याला धुण्याच्या दुप्पट वेळ लागला. थांबायचं कधी, याचा निकष आम्ही असा ठरवला: शेवटचं पाणी गाठींतून दाबून पारदर्शक बाटलीत घ्यायचं आणि जोराने हलवायचं. फेस राहिला तर अजून एक पाणी. मशीनमधून आलेल्या म्होरक्यांना हे फेरे इतके लागले की त्यातले एक मोतद्दार शेवटी म्हणाले, "एवढा साबण घातलाच कुणी?" व्यवस्थापक तिथेच उभे होते.

मशीन वाईट आहे असं नाही. म्होरकी आणि लीड जाळीच्या पिशवीत घातली, हुकावर जुना मोजा चढवून बांधला, लीडची साखळीसारखी सैल वीण घातली म्हणजे ती गुंतत नाही, पाणी गार ठेवलं आणि साबण नावापुरता घातला, तर मशीन चालतं. पण खंगाळण्याचा फेरा दोनदा आणि बाटलीची चाचणी तरीही. लीडच्या शेपटाला चामड्याचा तुकडा असेल तर तो काढून ठेवायचा किंवा पाण्याबाहेर धरायचा, भिजून सुकला की कडक होऊन तडकतो.

सॉफ्टनरवर माझं मत ठाम आहे, जरी दोरीचं काम करणारे सगळेच माझ्याशी सहमत नसतात. मऊपणा जो येतो तो धाग्यांवर बसलेल्या लेपाचा. म्होरकी घोड्याच्या तोंडावर राहते ती डाव्या गालावरच्या एका गाठीच्या घर्षणावर. तिथे बुळबुळीत लेप कशाला? शिवाय त्याचा वास आणि रसायन पुन्हा त्वचेवरच. ताठ झालेली दोरी मीठ आणि साबण निघाले की आपोआप मऊ होते, आणि या म्होरक्याही झाल्या.

सुकवताना पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. मग सावलीत, वारा लागेल अशा जागी, म्होरकी तिच्या आकारात उघडी राहील अशी टांगायची. उपडी बादली चालते. ड्रायर नाही, हीटरवर नाही. उन्हाबद्दल इथे वाद झाला, कारण ऊन जंतू मारतं असं सगळ्यांचं म्हणणं. तासभर उन्हाने दोरीचं काही जात नाही. दोरी बारा महिने उन्हातल्या खुंटीवर राहिली की जातं. अतिनील किरणांनी पॉलिप्रोपिलीन सर्वांत लवकर मरतं, नायलॉन त्यानंतर, पॉलिएस्टर बराच काळ तग धरतं. गाठ बाहेरून वाळली तरी पोटात ओली असते, म्हणून दुसऱ्या दिवशी गाठ दाबून कोरड्या बोटाने बघितल्याशिवाय पेटीत ठेवायची नाही. कुबट वास येतो तो बहुधा याच ओल्या पोटातून.

हूक वेगळे धुतले. कडीच्या स्प्रिंगमध्ये वाळू अडकून त्या अर्धवट बंद होत होत्या, आणि अर्धवट बंद झालेला हूक कुठे अडकेल ते सांगता येत नाही. ज्यांचा मुलामा उडून धातू खरवडला होता ते दोरीच कापतात, ते बदलले. उरलेल्यांना पूर्ण वाळल्यावर तेलाचा एक थेंब, जास्तीचं पुसून. तेल जास्त झालं की तिथेच धूळ चिकटते.

दरम्यान घोडीचा निकाल आला. पशुवैद्यांनी चट्ट्यांच्या कडेचे केस आणि खपल्या बुरशी वाढवून बघण्यासाठी पाठवल्या होत्या. बुरशी वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. गजकर्ण निघालं, ट्रायकोफायटॉन इक्विनम. त्यांनी निकालाची वाट न बघता तिला आधीच वेगळं केलं होतं, ते बरं झालं. म्होरकी हाताला येईल ती घालायची ही पद्धत इथे महागात पडते: या बुरशीचे बीजाणू केसांच्या तुकड्यांवर आणि सामानावर कित्येक महिने जिवंत राहतात आणि माणसालाही लागतात. तिला सांभाळणाऱ्या मोतद्दारांच्या मनगटावर लालसर कडं उठलं होतं, ते उष्णतेचं म्हणून सोडून दिलेलं. त्यांना डॉक्टरकडे पाठवलं.

गंमत अशी की ब्लीच घालण्यामागचा व्यवस्थापकांचा विचार पूर्ण चुकीचा नव्हता. घरगुती ब्लीच एकास दहा पाण्यात, दहा मिनिटं ओलं ठेवलं तर गजकर्णाच्या बीजाणूंवर काम करतं. पण दोन अटी आहेत. दोरी नायलॉनची नसावी, आणि ती आधी धुतलेली असावी. मळ, घाम, केस यांच्यावर ब्लीच खर्च होऊन जातं आणि बीजाणूपर्यंत पोचतच नाही. त्यांनी साबण आणि ब्लीच एकदम घातलं तेव्हा बहुतेक ब्लीच मळानेच खाल्लं असणार. हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेली जंतुनाशकंही या कामाला असतात, आणि मी तीच पसंत करतो. मांजरांच्या गजकर्णावर काम करणाऱ्यांनी कापडाबाबत दाखवलं आहे की मशीन ठासून न भरता दोनदा नीट धुतलं तर गार पाण्यातही बीजाणू निघून जातात. पण कापडाला गाठी नसतात. म्हणून या घोडीची म्होरकी धुवून वाचवायचा विचार मी केला नाही. ती, तिची लीड आणि ब्रश जाळले. इतर घोड्यांच्या म्होरक्या धुऊन, मग जंतुनाशकात बुडवून, पुन्हा खंगाळून परत आल्या. जंतुनाशकही त्वचेवर उरू द्यायचं नसतं.

यानंतर पागेत प्रत्येक घोड्याला स्वतःची म्होरकी आणि लीड मिळाली. ओळखायला दोरीच्या शेपटावर रंगीत दोरा, आणि दोरी कशाची आहे ते पेटीच्या झाकणावर लिहिलेलं. नवा घोडा येतो तो स्वतःच्या म्होरकीसह वेगळा ठेवला जातो. यात गजकर्णापेक्षा मला स्ट्रँगल्सची, म्हणजे घोड्यांच्या घशातल्या गाठी सुजवणाऱ्या संसर्गजन्य रोगाची, जास्त धास्ती आहे. आजारी घोड्याच्या नाकातल्या स्रावाने ओली झालेली लीड एका ठाणावरून दुसऱ्या ठाणावर गेली की पुढचे कित्येक आठवडे पागा बंद.

नाकं आणि कान बहुतेकांचे भरून आले. केस आधी पांढुरके, मग मूळ रंगाचे. एका बदामी घोड्याचं नाक मात्र सुधारेना. त्याची म्होरकी पॉलिएस्टरची, गालपट्ट्या मापात, बाटलीत फेस शून्य. चौकशी केली तेव्हा कळलं की तो मोकळ्या जागेत पकडायला अवघड, म्हणून त्याची म्होरकी रात्रभर तशीच ठेवतात. म्हणजे चारा खाताना, अंग घासताना, दिवसरात्र तीच दोरी त्याच रेषेवर. याला धुण्याचा उपाय नाही. शिवाय दोरीची म्होरकी कुंपणाच्या खिळ्यात किंवा त्याच्याच मागच्या नालेत अडकली तर ती तुटत नाही, घोडा तुटतो. तिथे दोरी नकोच होती. त्याला मोकळं सोडतानापुरती कानांमागे चामड्याचा बारीक, तुटणारा पट्टा असलेली रुंद म्होरकी घातली, आणि मोतद्दारांनी त्याला रोज मूठभर दाण्यावर जवळ बोलवायला सुरुवात केली. तो आता हाताला येतो, बऱ्याचदा. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी त्याचा धडा रद्द होतो आणि व्यवस्थापक कुरकुरतात.